समाजसेवेची शिक्षा आणि कामाचा वेग: हात संथ चालला तर कोर्ट काय म्हणेल?

शहापूरचा_भाचा

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या मामांचा आहे. ते मोबाईलवर लिहीत नाहीत, म्हणून मी विचारतोय.

मामा बेळगावच्या वडगावात यंत्रमागावर साड्या विणतात. साठीला आलेत. जत्रेच्या रात्री पिऊन भर रस्त्यात आरडाओरडा केला, पोलिसांनी नेलं, न्यायाधीशांपुढे त्यांनी सरळ कबूल केलं. कैद नाही, दंड नाही, समाजसेवा दिली. एका सरकारी दवाखान्याच्या आवारात ठरलेल्या तारखेपर्यंत रोज सकाळी झाडलोट, पाचोळा गोळा करणे आणि कुंपणाकडचं गवत काढणे.

जायची लाज त्यांना वाटत नाही. केलं ते भरायचं, असं स्वतःच म्हणतात. त्यांना खातेय ती भीती वेगळीच आहे. डावा गुडघा धरलेला, खाली बसले की उठताना भिंत धरावी लागते. बरोबर दोन तरणी पोरं आहेत, त्यांचा भाग उरकून ती नळावर हात धुवत असतात तेव्हा मामा अजून विहिरीपाशीच असतात. देखरेखीचे साहेब लांब उभे राहून बघतात आणि काहीच बोलत नाहीत. त्या न बोलण्यानेच मामा अर्धे झालेत. रात्री मला विचारतात, "हा म्हातारा अंगचोरी करतो म्हणून साहेब लिहून देतील काय रे? परत आत घालतील काय?" आता सकाळी दुखण्याची गोळी खाऊन वेळेच्या खूप आधीच जाऊन बसतात. कुणी न सांगता काम सुरूही करतात.

कामाच्या वेगाबद्दल कायद्यात काही आहे का? कुणाच्या घरी असा अनुभव आहे का?

कंग्राळीचा_पैलवान

मामास्नी सांगा की ओ, घाबरू नका म्हणून. झाडू मारूलालेत, पळून तर जाईनात! साठीच्या माणसाकडून तरण्या पोरांएवढं काम कोण मागंल?

तिसऱ्या_गेटचा_वकील

पैलवान, मामांना धीर देण्यापुरतं हे ठीक आहे, पण भाच्याने कायदा विचारलाय तर तो सांगतो.

ही शिक्षा आपल्याकडे नवी आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम ४ मध्ये शिक्षेच्या प्रकारांत समाजसेवा आली. जुन्या दंड संहितेत ती नव्हती. मोजक्या गुन्ह्यांनाच ती देता येते: सरकारी नोकराने बेकायदा व्यापार करणे, कोर्टाच्या उद्घोषणेनंतरही हजर न होणे, अधिकाऱ्यावर दबाव आणायला आत्महत्येचा प्रयत्न करणे, ५,००० रुपयांच्या आतली पहिलीच चोरी आणि माल किंवा किंमत परत केलेली, अब्रुनुकसानी, आणि मामांचं कलम ३५५, म्हणजे दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन. या ३५५ ची कैद जास्तीत जास्त २४ तासांची आणि दंड १,००० रुपयांपर्यंतचा. मामांना आधी हे सांगा. त्यांच्या डोळ्यांपुढे हिंडलग्याचं जेल उभं राहिलं असणार.

समाजसेवा म्हणजे काय, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम २३ च्या स्पष्टीकरणात आहे: समाजाच्या उपयोगाचं काम, कोर्टाच्या आदेशाने, मोबदल्याशिवाय. वेगाबद्दल त्यात अवाक्षर नाही. किती तास, कुठलं काम, कुणाच्या देखरेखीखाली, हे ज्या त्या आदेशात ठरतं. सेवा केलीच नाही तर काय, याची तरतूद न्याय संहितेच्या कलम ८ मध्ये आहे, पण ती 'न करण्या'ची आहे. गुडघा धरून का होईना, जो माणूस रोज वेळेवर येऊन काम करतो तो त्यात बसत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न माझाच: आदेशात नेमकं काय लिहिलंय?

शहापूरचा_भाचा

आदेश कन्नडमध्ये आहे. मामांना बोलता येतं, वाचता येत नाही. कोर्टात कुणीतरी तोंडी सांगितलं तेवढंच त्यांच्या डोक्यात आहे: "दवाखान्यात जा, साहेब सांगतील ते काम नीट कर." कागद देव्हाऱ्यात ठेवलाय.

कॅम्पातली_टीचर

अहो, मग अर्धी भीती त्या न वाचलेल्या कागदाचीच आहे! फोटो काढून मला खाजगी निरोपात पाठवा. नाव, पत्ता, केस नंबर झाकून. मी कन्नड माध्यमात शिकवते, ओळ न् ओळ मराठीत लिहून देते. धाग्यावर मात्र टाकू नका.

निपाणीची_सून

मामांची भीती मला फार जवळची वाटली, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या सासूबाईंनी जन्मभर विड्या वळल्या. पान भिजवायचं, साच्यावर ठेवून कात्रीने कापायचं, चिमूट तंबाखू घालून वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. मजुरी हजारावर. कारखान्यात नेऊन दिलं की तपासणारा मूठभर उचलून बघायचा आणि सैल, वाकड्या विड्या बाजूला काढायचा. ती छाट. तिचे पैसे नाहीत. तो बोलायचाच नाही, नुसता काढत जायचा. त्याच्या हाताकडे बघत रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांचे चेहरे मी पाहिलेत. सासूबाई आता वळत नाहीत, तरी नातवाला भात भरवतानासुद्धा त्यांचे हात घाईत असतात.

तुमचे मामा मागावरचे. त्यांची मजुरीही नगावर असणार ना? जितक्या साड्या उतरतील तितके पैसे, धागा तुटून माग थांबला की नुकसान. उभ्या आयुष्यात 'हळू' म्हणजे 'कमी' हेच ज्याने पाहिलं, त्याला सकाळचे काही तास कुणी नग न मोजता उभं केलं, तर तो काय मोजणार? शेजारच्या पोराचा पाचोळ्याचा ढीगच मोजणार. साहेब गप्प आहेत ते कदाचित त्यांना काही खटकत नाही म्हणून. मामांना मात्र त्यात छाट काढणारा दिसतो. "तुमचं काम नगावर नाही, वेळेवर आहे," एवढं एक वाक्य त्यांच्या ओळखीच्या भाषेत सांगून बघा.

खानापूरची_पायवाट

निपाणीची_सून, मनापासून अनुमोदन. आमच्याकडे उद्योग खात्रीच्या, म्हणजे रोजगार हमीच्या, कामावर हेच चालतं. दिवसाची मजुरी म्हणायची, पण मोजमाप घेणारा येऊन खोदाईची लांबी, रुंदी, खोली टेपने मोजतो आणि काम कमी भरलं तर मजुरी कमी पडते. कर्नाटकात २०२५-२६ चा दर ३७० रुपये होता, पलीकडे महाराष्ट्रात ३१२. म्हणून चंदगडकडचे पाहुणे आमच्या दराचा हेवा करतात. पण खडकाळ जमिनीत ३७० चं मोजमाप भरताना कंबर मोडते हे त्यांना कोण सांगणार?

कंग्राळीचा_पैलवान

आता ३७० आणि ३१२ वरून सीमाप्रश्न काढू नकासा, धागा हजारावर जाईल.

तांबडी_माती

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. शिक्षा ही शिक्षा असते. तिचा थोडा त्रास व्हायलाच हवा. हळू चाललं तर चालतंय असं आपण सगळ्यांनी सांगितलं, की उद्या कुणीही तिथं जाऊन झाडू टेकून उभा राहील आणि तास भरून घरी येईल. दवाखान्याला काय मिळालं? दुसरं म्हणजे, उरलेलं झाडायचं कुणी? तिथल्या पगारी माणसांनीच ना? आपल्या संथपणाचा भार दुसऱ्यावर पडतो हा विचार मामांच्या मनात येत असेल, तर तो चांगला विचार आहे. तो पुसून टाकू नका.

पहाटेची_शिट्टी

तांबडी_माती, 'उरलेलं कुणी झाडायचं' याचं उत्तर माझ्या घरात आहे. माझी आई पौरकार्मिक, म्हणजे पालिकेची सफाई कामगार. उजाडायच्या आत गल्लीत असते, पावसाळ्यात डोक्यावर प्लास्टिकची खोळ. २३ सप्टेंबरला पौरकार्मिक दिनी हार घालतात, फोटो काढतात. बाकीचे दिवस तिच्याकडे कुणी बघतही नाही.

तिला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, "पटापट झाडणाऱ्याच्या मागनंच मला परत झाडावं लागतं." हौसेने स्वच्छता करायला येणारी मंडळी रस्त्याच्या मधला भाग झाडतात, गटाराच्या कडेला आणि खांबाच्या बुडाशी सगळा कचरा तसाच. ओला पाचोळा जोरात ओढला की खराट्याखाली चिकटून पसरतो, चहाचे कागदी पेले गटारात जातात. मामा हळू पण कोपऱ्यापर्यंत झाडत असतील, तर पाठीमागच्या बाईचं काम कमीच होतं.

काही युक्त्याही सांगितल्यात, जशाच्या तशा देतो. खराटा दांड्याचा मागायचा, आखूड नको, म्हणजे वाकावं लागत नाही. आवाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कचरा ओढत न्यायचा नाही, चार पावलांवर छोटा ढीग करत जायचं आणि शेवटी घमेलं घेऊन सगळे ढीग एका फेरीत उचलायचे. वारा पाठीवर ठेवायचा. पाऊस पडून गेल्यावर आधी गवत काढायचं, तेव्हा मुळासकट येतं. पाचोळा नंतर, थोडा सुकल्यावर. गवताला बसायला दवाखान्यातला मोडका स्टूल मागितला तर कुणी नाही म्हणत नाही, पण मागावा लागतो.

आणि तिचं शेवटचं वाक्य: "त्यास्नी सांग, चहाला आमच्यात बसा. लांब बसतात म्हणून साहेब पण लांब उभारतोय."

तांबडी_माती

आईंना नमस्कार सांगा. कोपऱ्यांचं मी लक्षात घेतलं नव्हतं. अंगचोरी आणि संथपणा यांत फरक करायला हवा, एवढंच माझं म्हणणं ठेवतो.

लेस्टरवरून_नंदगडकर

इकडचा अनुभव जोडतो. इंग्लंडमध्ये ही शिक्षा जुनी आणि रुळलेली आहे. कोर्ट ४० ते ३०० तास देतं. अंगावर नारंगी जाकीट, पाठीवर मोठ्या अक्षरांत शिक्षेचं नाव, त्यामुळे रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळतं. माझ्या शेजाऱ्याला मिळाली होती, कालव्याकाठचं रान साफ करायचं काम. तोही पहिल्या आठवड्यात असाच धास्तावला होता. देखरेख करणाऱ्या बाईंनी त्याला सांगितलं की त्या तास लिहितात, फूट नाही. सगळ्यांना सुट्टीच्या वेळी थांबावंच लागतं, आणि थांबायला नकार देऊन राबणाऱ्यालाही त्या टोकतात, कारण दमलेला माणूस कोयता पायावर मारून घेतो. मात्र मुद्दाम बसून राहिलेल्या एकाला त्यांनी घरी पाठवलं आणि त्याचा तो दिवस धरला नाही. तेव्हा तांबडी_माती म्हणतात तो फरक तिथेही करतात.

आपल्याकडे अजून इतकं ठरलेलं दिसत नाही, आणि मामांसारख्याच्या जिवाला घोर लागतो तो त्यामुळेच. काय अपेक्षित आहे हे पहिल्याच दिवशी समोर बसवून, त्याला वाचता येईल अशा लिपीत दिलं पाहिजे.

जांबोटीचं_धुकं

थोडं विषयांतर. कायकवे कैलास हे वचन आपण मराठी माणसंही लहानपणापासून ऐकतो. उद्योग खात्रीच्या कामावरच्या गटप्रमुखालाही इथे कायक बंधू म्हणतात. हातातलं काम हीच पूजा, असं मानणाऱ्या मातीत एका माणसाला झाडू मारताना चोरासारखं वाटावं, हे मला फार लागलं. मामा त्यांच्या जागेवर रोज वेळेआधी जातात. यात मला भीतीइतकाच त्यांचा सच्चेपणा दिसतो.

कॅम्पातली_टीचर

जांबोटी, सुंदर. पण वेळेआधी जाऊन न सांगता काम सुरू करणं थांबवायला हवं. ते तास कुठेच लिहिले जात नसणार, आणि गुडघ्याचं नुकसान होतं ते निराळंच. गोळी खाऊन दुखणं दाबायचं आणि त्यावर जास्त काम करायचं, हे तर अजिबात नको.

कागद वाचला. भाच्याच्या परवानगीने सारांश देते. रोज सकाळी सात ते दहा, ठरलेल्या तारखेपर्यंत. काम आवाराच्या स्वच्छतेचं. देखरेख अधिकाऱ्याने हजेरी ठेवायची आणि शेवटी काम केल्याचा अहवाल कोर्टाला पाठवायचा. किती जागा, किती ढीग, किती वेगात, असं काहीही नाही. दोनदा वाचलं.

तिसऱ्या_गेटचा_वकील

टीचर, फार मोठं काम केलंत. आता पुढची पावलं.

गुडघ्याचं आजच सांगायचं, आणि तोंडी नको. साध्या कागदावर अर्ज: गुडघ्याचा त्रास आहे, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे, काम करायला मी तयार आहे, उभ्याने करण्यासारखं काम मिळावं. दोन प्रती करायच्या, एकीवर तारीख आणि सही घेऊन ती घरी ठेवायची. 'काम करायला तयार आहे' हे शब्द गाळू नका. उद्या कुणी संथपणाची तक्रार केलीच, तर कारण आधीच लिहून दिलेलं असेल.

रोजच्या हजेरीवर मामांची सही किंवा अंगठा होतोय का, ते बघा. त्या पानाचा फोटो काढू दिला तर उत्तमच, नाही तर घरच्या वहीत तारीख आणि वेळ लिहून ठेवा.

अर्ज देऊनही काम झेपत नसेल, तर न जाणं हा उपाय नाही. कोर्टातच अर्ज करून काम बदलून मागायचं. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १५१०० हा त्यांचा देशभरचा दूरध्वनी क्रमांक. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ठरलेल्या मर्यादेखालच्या उत्पन्नाचे लोक, यांना विनामूल्य वकील मिळतो.

आणि आपल्या सीमाभागातल्या सगळ्यांसाठी: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ प्रमाणे आरोपीला अर्ज करून निकालाची प्रमाणित नक्कल मागता येते, आणि त्याची इच्छा असेल तर शक्य तिथे त्याच्या स्वतःच्या भाषेतलं भाषांतरही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही ३६३ मध्ये हे होतं. मागणारे फार थोडे. कोर्टाची भाषा कन्नड आहे ती राहणार, पण माणसाला स्वतःची शिक्षा समजून घ्यायचा हक्क आहे आणि तो कायद्यानेच दिलाय. मागा.

खानापूरची_पायवाट

हे ४०४ चं माहीतच नव्हतं. आमच्या पंचायतीच्या फलकावर लावतो.

उचगावचा_दादा

माझ्या पोराच्या मित्राला, वय सोळा, बाल न्याय मंडळाने एका वृद्धाश्रमात मदतीला पाठवलं होतं. त्याचंही असंच, आजोबांना भरवायला वेळ लागतो म्हणून पोरगं घामाघूम. तिथल्या ताईंनी सांगितलं, "एका आजोबांना पोटभर भरव, पुरे." मुलांसाठीही हा कायदाच आहे ना वकीलसाहेब?

तिसऱ्या_गेटचा_वकील

नाही दादा, मुलांचं वेगळं. बाल न्याय कायदा २०१५, कलम १८. तिथे ते सुधारण्यासाठी असतं, शिक्षा म्हणून नाही.

शहापूरचा_भाचा

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो, उशीर झाला.

टीचरांनी लिहून दिलेलं मराठी मामांना दिलं. चष्मा लावून स्वतः वाचलं, मग मामींना मोठ्याने वाचून दाखवलं. निपाणीच्या वहिनींचं "नगावर नाही, वेळेवर आहे" हे मी सांगितलं तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग ते साहेब बघतात काय?"

म्हणून अर्ज घेऊन मी बरोबर गेलो. साहेबांनी वाचला, सही केली, एक प्रत परत दिली. त्यांनाही कोर्टाकडून नुसतं पत्र आलंय, या माणसांना किती आणि कसं काम द्यायचं हे त्यांनाही कुणी समजावलेलं नाही. आणि वयाने मोठ्या माणसाला झाडू मारताना काय बोलायचं हे सुचत नाही म्हणून लांब उभे राहतात, असं त्यांनीच सांगितलं. गवताचं काम पोरांकडे गेलं. मामांकडे दांड्याचा खराटा, फाटकापासून बाह्यरुग्ण विभागाच्या पायऱ्यांपर्यंतचा पट्टा आणि झाडांना पाणी.

भीती सगळी गेली असं म्हणणार नाही. अजून शेजारच्या ढिगाकडे बघतात. पण गोळी न घेता जातात आणि सातच्या फार आधी घरातून निघत नाहीत. पौरकार्मिक मावशींच्या चहात बसतात. चार पावलांवर ढीग ही युक्ती त्यांना फार पटली, कालपासून मामींना अंगणात तसंच झाडायला लावतायत.

कंग्राळीचा_पैलवान

मामी काय म्हणूलालेत ते पण लिहा की!

पहाटेची_शिट्टी

आईला सांगितलं, खूश झाली. म्हणते पायऱ्यांचा पट्टा दिलाय तर वरच्या पायरीपासून खाली झाडा म्हणावं, आणि पावसात पायऱ्या निसरड्या असतात, रबरी चप्पल नको.

तिसऱ्या_गेटचा_वकील

भाच्या, शेवटच्या दिवसाचं आत्ताच सांगून ठेवतो. त्या दिवशी साहेबांकडून काम पूर्ण झाल्याच्या अहवालाची प्रत मागून घ्या. अहवाल कोर्टात कधी जाणार ते विचारा आणि त्यानंतर एकदा कोर्टात जाऊन तो फाईलला लागला का, हे बघा. कागद मध्येच कुठेतरी अडकून राहिला, तर पूर्ण केलेली सेवाही कोर्टापुढे न केलेली दिसू शकते. मामांना एकटं पाठवू नका, कन्नड वाचणारं कुणीतरी बरोबर असू दे.

कॅम्पातली_टीचर

माझी शाळा दुपारी सुटते. तारीख कळवा, मी येते.